आजचं चिंतन : नाव कुणाचं?

ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय चालू आहे, भक्ताची लक्षणं. मला आठवले बंदासिंग बहादूर. नांदेडला गोदाकाठी मठ करून राहिलेले बैरागी माधोदास १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांना शरण गेले आणि ‘बंदा’ झाले, म्हणजे दासच! पंजाबात जाऊन १७१० मध्ये सरहिंद जिंकलं, जमिनी कसणाऱ्यांना दिल्या. आपल्याकडं बारामती-इंदापूरला सातबाऱ्यावरच्या नावासाठी सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. यांनी नाणं पाडलं, तर त्यावर नाव गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंगांचं. स्वतःचं नाहीच. (आम्ही कोडच्या फाईलवर पहिलं आपलं नाव टाकतो!) १७१६ मध्ये दिल्लीत पकडून आणल्यावर डोळ्यांदेखत लहानग्या मुलाला मारलं. धर्म बदला, जीव वाचेल, असं सांगितलं होतं. नाही बदलला.