डिक शेपर्ड : न दिसणाऱ्या मंडळीचे पाळक

शास्त्रभाग : लूक १४:१६-२३, रोम १०:१४-१७.

अनसिंग, वाशीम या बाजूच्या खेड्यांत उपासनेच्या वेळी दाराबाहेर उभे राहून ऐकणारे लोक प्रत्येक प्रचारकाने पाहिले असतील. आत या म्हटले तर ते निघून जातात. अशा लोकांची काळजी ज्यांनी आयुष्यभर वाहिली, त्या रेव्हरंड ह्यू रिचर्ड लॉरी शेपर्ड, ऊर्फ डिक शेपर्ड, यांच्या चरित्राचा अभ्यास या पाठात करावयाचा आहे.

त्यांचा जन्म १८८० साली इंग्लंडात विंडसर येथे झाला. केंब्रिजचे शिक्षण आटोपल्यावर त्यांनी लंडनच्या बेथनल ग्रीन या दरिद्री वस्तीत काम केले, व १९०७ साली अँग्लिकन मंडळीत त्यांस दीक्षा मिळाली. १९१४ साली ते लंडनमधील सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या मंदिराचे पाळक झाले. महायुद्ध चालू होते. त्यांनी मंदिराची दारे रात्रीही उघडी ठेविली. रणभूमीकडे जाणारे शिपाई आणि पुढे बेघर लोकही तेथील तळघरात आसरा घेऊ लागले.

रेडिओ तेव्हा नवा होता. १९२३ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतील राजपुत्राचा विवाहविधी ध्वनिक्षेपित करण्यास तेथील अधिकाऱ्यांनी नकार दिला होता. लोक गुत्त्यात बसून, डोक्यावर टोपी ठेवून तो ऐकतील, अशी धास्ती त्यामागे होती असे सांगतात. (आपल्याकडे तर बोडक्या डोक्याने बसणे हाच पूर्वी अनादर मानीत!) शेपर्ड यांस ही धास्ती वाटली नाही. ६ जानेवारी १९२४ रोजी त्यांच्या मंदिरातून बी.बी.सी.ने उपासना ध्वनिक्षेपित केली. मंदिरातून अशी उपासना प्रथमच होत होती. खाटेवर पडलेले रुग्ण, एकाकी वृद्ध, आणि मंडळीशी कधीच संबंध न ठेवलेली माणसे यांच्या घरांत ती पोहोंचली.

येथे प्रचारकांनी थोडे थांबावे. देवळातला श्रोता कंटाळला तरी संकोचाने बसून राहतो. रेडिओच्या श्रोत्याने खुंटी पिळली की उपदेश संपला. मग अशा माणसाशी बोलावे तरी कसे? शेपर्ड साधे बोलत, पंडिती शब्द टाळीत. आज उपदेश मोबाइलवरून दूर धाडणाऱ्यांसही हाच प्रश्न आहे, आणि आमच्या मते त्यांतले पुष्कळजण तो स्वतःस विचारीत नाहीत.

दम्याने जर्जर होऊन त्यांनी १९२६ साली ते मंदिर सोडले. पुढे १९२९ ते १९३१ ते कँटरबरीचे डीन होते. तेही प्रकृतीमुळे सुटले. १९३४ साली त्यांनी वर्तमानपत्रांतून पुरुषांस विनंती केली की, युद्धाचा त्याग करीत असाल तर मला एक पोस्टकार्ड पाठवा. लाखाहून अधिक माणसे या चळवळीत आली. हिटलर बळावत असता हे मत कितपत योग्य होते, याविषयी ख्रिस्ती लोकांत तेव्हाही मतभेद होता व आजही आहे. आम्हांस ते पुरते पटत नाही, परंतु त्यामागील तळमळ खोटी नव्हती.

ज्यांचा आवाज घरोघरी ओळखीचा होता, त्यांचे स्वतःचे घर मात्र १९३७ साली मोडले. पत्नी त्यांस सोडून गेली. त्याच ऑक्टोबरात ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चर्चिल यांस डावलून त्यांस रेक्टर निवडले. थोड्याच दिवसांनी, ३१ ऑक्टोबर रोजी, ते वारले. सेंट मार्टिन मंदिरात त्यांच्या शवपेटीच्या दर्शनास हजारो लोक रांगेने आले. कँटरबरीच्या महामंदिराच्या आवारात त्यांस पुरले आहे.