काट्यावर 41.350, बिलावर 41.35? दशांशाचं शेवटचं शून्य कसं टिकवायचं

व्हिडिओत हा भाग घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. एक्सेल उघडून सोबत करत चला.

समजा, तुम्ही हुपरीहून चांदीचे पैंजण आणून गुजरीत विकताय. काट्यावर एक पैंजण 41.350 ग्रॅम भरलं. एक्सेलच्या सेलला तीन दशांश ठरवून दिलेत, तिथं 41.350 दिसतं. पण व्हॉट्सॲपवर पाठवायच्या ओळीसाठी ‘वजन’ हा शब्द आणि तो सेल & चिन्हाने जोडलात, की उरतं 41.35. गणितात फरक काहीच नाही. पण गिऱ्हाईक काटा बघून बसलेलं असतं. ते म्हणणार, "परत वजन करा." आणि त्याचं काय चुकलं?

सेलचा फॉरमॅट म्हणजे नुसता वरचा सदरा. आत आकडा 41.35 असाच असतो, आणि & आतलाच आकडा उचलतं. म्हणून टेक्स्ट हे फंक्शन वापरा: कंसात आधी सेल, मग स्वल्पविराम, मग दुहेरी अवतरणात 0.000. रुपयांसाठी 0.00. इथं शून्याचा अर्थ ‘ही जागा दाखवायचीच’. त्याऐवजी # टाकलंत तर शेवटचं शून्य पुन्हा जाणार.

एक सांभाळा. टेक्स्टमधून निघतो तो मजकूर, आकडा नव्हे. त्या कॉलमला सम लावलात तर उत्तर शून्य! मूळ आकड्यांचा कॉलम वेगळा ठेवा, बेरीज तिथंच करा.

आता खरी गोम. मजुरी ग्रॅमला 12.50 रुपये धरली, तर एका पैंजणाचे होतात 516.875. बिलावर दिसणार 516.88. जोडीचे? गिऱ्हाईक कॅल्क्युलेटरवर 1,033.76 करणार, एक्सेल 1,033.75 म्हणणार. एका पैशासाठी कोण भांडत नाही हो, पण बेरीज जुळत नाही म्हटल्यावर अख्ख्या बिलावर शंका येते. म्हणून प्रत्येक ओळीची रक्कम आधी राउंड फंक्शनने दोन दशांशांवर आणा, मग बेरीज. जीएसटीची रक्कम मात्र कायद्याच्या कलम 170 प्रमाणे जवळच्या पूर्ण रुपयात येते. 50 पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया.

कुणाकडून पायथनमध्ये बिलिंग करून घेताय? त्याला 2.675 दोन दशांशांत छापायला सांगा. 2.67 येईल, एक्सेलचा राउंड 2.68 देईल. संगणक हा आकडा बायनरीत किंचित कमी साठवतो, म्हणून असं होतं. पैशाचे हिशोब ‘डेसिमल’ मॉड्यूलमध्येच करून मागा, आणि आकडे त्यात मजकूर म्हणूनच भरायला सांगा.