सितैन की तिसैन? सरदारांची पत्रं आणि त्यांचा रुमाल

मोडीच्या वर्गात पहिल्याच दिवशी कोणीतरी हमखास विचारतं, "सर, हे शिकून वाचायचं काय?" प्रश्न रास्त आहे. बाराखडी घोटून झाली, बोरू धरायला जमला, आणि समोर वाचायला कागदच नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी? माझं उत्तर ठरलेलं असतं. बेळगावहून मिरज रेल्वेने तीनेक तासांवर. त्या टापूतल्या जुन्या वाड्यांतून पटवर्धन सरदारांचा जो पत्रव्यवहार बाहेर आला, तो वाचायला एक आयुष्य पुरत नाही. वासुदेवशास्त्री खऱ्यांना पुरलं नाही.

यंदा मात्र या उत्तराबरोबर स्वतःची एक चूकही सांगायची ठरवली आहे. पण आधी ही पत्रं म्हणजे काय, ते पाहू.

पटवर्धन घराण्याचे मूळ पुरुष हरभट. ते इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय. त्यांची मुलं पेशव्यांच्या चाकरीत शिरली आणि थोरल्या माधवरावांच्या काळापर्यंत हे घराणं कृष्णेच्या दक्षिणेकडचं मोठं लष्करी घराणं झालं. हैदर, पुढे टिपू, यांच्याशी झालेल्या जवळजवळ प्रत्येक मोहिमेत पटवर्धन आहेतच. गोपाळराव, परशुरामभाऊ ही नावं तुम्ही शाळेत ऐकलेली असतील.

सरदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोडा आणि तलवार येते. खरं तर सरदार हा अर्धा कारभारी असे. त्याला सरंजाम म्हणून मुलूख लावून दिलेला. त्या मुलखाचा वसूल त्याने करायचा, त्यातून ठरलेली फौज बाळगायची, घोड्यांची गणती द्यायची, शिलेदारांना नालबंदी आणि रोजमुरा वाटायचा आणि हिशेब पुण्याला दाखवायचा. त्यामुळे त्याच्या पत्रांत लढाईपेक्षा पैशाची बातमी जास्त. दाणावैरण मिळत नाही, लोकांचा रोजमुरा तटला आहे, सावकार हुंडी पटवत नाही, अमुक पथक उठून घरी जायला निघालं आहे. पहिल्यांदा वाचताना विद्यार्थी कंटाळतात. मला विचाराल तर या रडगाण्यातच राज्य कसं चालत होतं ते कळतं. बखरीत फौज नुसती चालून जाते. पत्रात ती आधी उधारी करते.

दुसरी गोष्ट, सरकारी पत्र आणि घरगुती पत्र अशी आपल्यासारखी फारकत तेव्हा नव्हती. छावणीतला सरदार मिरजेला भावाला किंवा कारभाऱ्याला लिहितो तेव्हा एकाच कागदात शत्रूचा मुक्काम, तोफेच्या दारूची टंचाई आणि मुलाच्या मुंजीचा मुहूर्त येतो. म्हणून राज्याचा लष्करी पत्रव्यवहार सरकारी कचेरीत जेवढा राहिला, तेवढाच लोकांच्या घरी राहिला. पुण्याचं पेशवे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. त्यांनी ते जपलं ते मुख्यतः कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं हे ठरवायला. इतिहासासाठी त्यातून झालेली मोठी निवड १९३० पासून छापली गेली. गोविंद सखाराम सरदेसायांनी संपादलेले ४५ खंड ते हेच. वाड्यांतल्या पेट्यांना असं सरकारी छत्र नव्हतं. होती ती वाळवी, कसर आणि आपल्या भागातला पाऊस.

खरेशास्त्री मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत. नाटकं लिहीत, कविता करत. त्यांना पटवर्धनांची दप्तरं पाहायला मिळाली आणि त्यांनी मोडी पत्रांची बाळबोध नक्कल करायला घेतली. १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने ती छापून येऊ लागली. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यानंतरच्या वर्षी, १८९८ चा. म्हणजे एक-दोन वर्षांच्या आत दोन माणसं, दोन गावांत, एकाच कामाला लागली. दोघांच्याही पाठीशी मोठी संस्था नव्हती. शास्त्री १९२४ मध्ये वारले तोवर बारा खंड झाले होते, पुढचं काम त्यांच्या मुलाने चालवलं.

खऱ्यांची पद्धत मला आवडते. ते नुसती पत्रं ओतत नाहीत. आधी त्या प्रकरणाची हकीगत स्वतः सांगतात, मग पत्रं देतात. वाचणाऱ्याला आधार मिळतो. पण यात एक मेख आहे. छापील पान म्हणजे पत्र नव्हे. अक्षर कोणाचं, कागद किती घाईत दुमडलेला, मागे काय लिहिलं होतं, शेजारी कोणता कागद बांधलेला होता, यातलं फार थोडं छापखान्यातून पार होतं. हे मी कितीदा वर्गात सांगितलं असेल! आणि तरी माझ्याच हातून व्हायचं ते झालं.

काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका कुटुंबाने मला एक रुमाल दाखवला. रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे. दप्तर बांधायच्या चौकोनी फडक्याला आणि त्यात बांधलेल्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. त्यांचे कोणी पूर्वज पटवर्धनांच्या फौजेत कारकून होते, असं घरात ऐकिवात होतं. आत साठ-सत्तर कागद. मी बसलो वाचायला. चौथ्या की पाचव्या कागदावर जमादिलाखर महिना आणि साल दिसलं. मी वाचलं, इहिदे सितैन मया व अलफ.

आता इथे थोडा धडा. मराठी दप्तरात साल अरबी शब्दांत लिहीत, आणि ते उलट्या क्रमाने, आधी एकं. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज ११६१. हे सुहूर सन. ते मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीस, बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. महिना मात्र मुसलमानी चांद्र, आणि तारखेआधी 'छ' हे अक्षर, चंद्र शब्दाचं संक्षिप्त रूप. ११६१ चा जमादिलाखर येतो जानेवारी १७६१ मध्ये.

जानेवारी १७६१! चौदा तारखेला पानिपत झालं तोच महिना. मी खुर्चीवरून उठलोच. घरातल्या आजींना म्हटलं, "आजी, तुमच्याकडे पानिपताच्या महिन्यातला कागद आहे." त्यांनी देवापुढे साखर ठेवली. त्या भरात मी पुढचं काम केलं, जे करायला नको होतं. सगळे कागद सोडवले आणि मला लागलेल्या तारखांप्रमाणे नव्याने लावले. ज्यांच्यावर साल नाही, असे चौदा कागद वेगळ्या पाकिटात घातले.

घरी आल्यावर मी काढलेले फोटो पुन्हा वाचायला घेतले तेव्हा मजकूर पटेना. पत्रात मोर्चे धारवाडास लागल्याचा उल्लेख होता, इंग्रजांची पलटण शेजारी उतरल्याचा होता. १७६१ मध्ये धारवाडास इंग्रज कुठून येणार? दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी मोडीतले एक जाणते गृहस्थ, वयाने माझ्या वडिलांएवढे, त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अहो सर, सितैन नाही हे. तिसैन आहे."

सितैन म्हणजे साठ. तिसैन म्हणजे नव्वद. तीच अक्षरं, फक्त पुढेमागे. मोडीत लेखणी न उचलता लिहिलेलं, त्यात कागदाची घडी नेमकी तिथेच पडलेली. साल ११९१ झालं, तारीख फेब्रुवारी १७९१ मध्ये गेली. तीस वर्षांची उडी. महिन्यानेही मला सावध केलं नाही, कारण चांद्र वर्ष दरसाल साधारण अकरा दिवसांनी मागे सरतं, त्यामुळे बत्तीस-तेहतीस वर्षांनी महिने फिरून त्याच ऋतूत येतात. १७६१ चा जमादिलाखर जानेवारीत, १७९१ चा फेब्रुवारीत. दोन्ही वेळा थंडीच. हे तुम्ही वहीत लिहून ठेवा, परीक्षेत विचारणार नाही, पण कधीतरी उपयोगी पडेल.

आजींना जाऊन खरं सांगावं लागलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "असू दे, धारवाडही लांब नाही."

आणि धारवाडचा वेढा काही लहान प्रकरण नव्हतं. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले होते. परशुरामभाऊंनी १७९० च्या सप्टेंबरात धारवाडला वेढा घातला. मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी त्यांच्या मदतीला होती. किल्ला हाती आला एप्रिल १७९१ मध्ये. टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमानखान सहा महिन्यांहून जास्त लढला. या मोहिमेची हकीगत लिटलच्या तुकडीतल्या एडवर्ड मूर या लेफ्टनंटाने लिहिली आणि १७९४ मध्ये लंडनला छापली. त्यात मराठ्यांच्या तोफखान्याची भरपूर थट्टा आहे. एक गोळा टाकायचा, मग गोलंदाज बसून तंबाखू ओढत गप्पा मारणार, सावकाश दुसरा गोळा, आणि दुपारी तर दोन्हीकडे सामसूम. पुढे कित्येक इंग्रजी पुस्तकांनी हेच चित्र उचललं.

मूर खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याला दिसलं ते त्याने लिहिलं. पण तोफ का थांबते, हे त्याला तोफेशेजारी उभं राहून कळणार नव्हतं. ते कळतं दारूगोळ्याच्या हिशेबातून, हुंडीच्या तगाद्यातून, पुण्याकडून आलेल्या आणि न आलेल्या उत्तरांतून. एका बाजूने छापील पुस्तक निघालं आणि दुसऱ्या बाजूची पत्रं शंभरेक वर्षं फडक्यात बांधून राहिली. खऱ्यांचा संग्रह नसता तर या वेढ्याबद्दल आपण अजूनही मूरचीच री ओढत असतो.

आता त्या चौदा कागदांचं. त्यांच्यावर साल नाही, दोनतीनांवर तर नुसतंच 'छ' आणि आकडा. असे कागद ओळखायचे कसे? मागच्या बाजूस पैवस्तीचा शेरा असतो, म्हणजे पत्र कधी पोचलं त्याची नोंद, तो पाहायचा. नसेल तर शेजारचे कागद पाहायचे. जुना कारकून पत्र आलं की रुमालात ठेवी, पुढचं आलं की त्यावर ठेवी. धारवाडहून आलेल्या दोन तारीखवार पत्रांच्या मधे बिनतारखेची चिठ्ठी सापडली तर ती त्या दोहोंच्या मधल्या दिवसांतली असण्याचा संभव मोठा. तो शेजार मी एका दुपारी मोडला. एक चिठ्ठी आहे, चार ओळींची, जखमी माणसाला गावी पाठवल्याबद्दलची. कोणत्या लढाईत जखमी झाला, ते आता मला सांगता येत नाही. रुमाल जसाच्या तसा असता तर कदाचित आलं असतं.

म्हणून वर्गातल्या मुलामुलींना आता अक्षरांच्या आधी हे शिकवतो. रुमाल मिळाला तर सोडायच्या आधी बाहेरून फोटो. मग वरपासून एकेक कागद, दोन्ही बाजूंनी, कोरी दिसली तरी मागची बाजूसुद्धा, शेजारी मोजपट्टी ठेवून. फाइलला क्रमांक द्यायचा तो रुमालातल्या जागेचा. तारीख लावायची ती वेगळ्या वहीत, आणि पेन्सिलने, कारण ती चुकते. कागद परत त्याच क्रमाने ठेवायचे.

फाटक्या जागी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षरावर उतरतो. लॅमिनेशन तर नकोच नको, एकदा केलं की कागद त्यातून सुटत नाही. इस्त्री फिरवून घड्या मोडणारेही मी पाहिलेत. काजळाची शाई दोनशे वर्षं फिकी होत नाही, पण ओलं बोट लागलं तर लगेच पसरते, तेव्हा पान उलटताना जिभेला बोट लावायची सवय घरी ठेवून या. फडकं सुती, धुतलेलं, खळ काढलेलं हवं. पेटी भिंतीला टेकवू नये, जमिनीवरही नको. कडुलिंबाचा पाला घालायची जुनी रीत आहे, घाला, पण नीट वाळवून आणि कागदाला न लागेल असा. आणि कागद ज्या घरचे त्या घरीच राहू द्यात. आपल्याला फोटो पुरतात. मागून आणलेला कागद परत न केल्याच्या गोष्टी या भागात इतक्या आहेत की लोक दार उघडायला कचरतात, आणि त्यांचं चुकत नाही.

त्याच आजींच्या माळ्यावर आणखी एक पेटी आहे. मागच्या वेळी त्यांनी दाखवली नव्हती. परवा फोन करून म्हणाल्या, "या तुमच्या पोरांना घेऊन, पण या वेळी मी शेजारी बसणार." दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं आहे. वर्गातले चौघं येतील, एकाने फोटो, एकीने क्रमांक, दोघांनी नुसतं धरायचं. मी वाचणार नाही, निदान पहिला दिवस तरी.