कातळाचा हंगाम

धुळे, भाद्रपद वद्य तृतीया

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. दिवाळीच्या सुटीत जळगावहून चौघा मित्रांनी मोटार घेऊन निघावे, नऊ दिवसांत मनमाड, बदामी, हंपी आणि जमल्यास अबूचा पहाड अशी चार ठिकाणे पदरात पाडून घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी प्रस्तरारोहण करून परतावे, हा तुमचा बेत मी बारकाईने वाचला. त्यात ठिकाणे आहेत, रस्ते आहेत, खर्चाचा तपशीलही पैशापैशाने मांडलेला आहे. पंचांग तेवढे कोणी उघडलेले दिसत नाही. मुलूख आधी ठरवून मग सवडीची सुटी शोधावी, हा यात्रेकरूंचा शिरस्ता झाला. कातळावर जाणाऱ्याने आधी ऋतू ठरवावा आणि त्या ऋतूत जो दगड माणसाला अंगावर घेण्यास राजी असेल, तिकडे गाडी वळवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला दगड तू जन्मापासून पाहतो आहेस, पण तो वाचला आहेस की नाही, याविषयी मला शंका आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे पूर एकावर एक पसरून थिजले आणि त्यांतून हा बेसाल्ट झाला. लळिंगच्या किल्ल्याचा डोंगर महामार्गावरून पाहशील, तर ते थर आपल्याकडच्या मांड्यांच्या चळतीसारखे दिसतील. काही घट्ट आणि काळेभोर, काही पोकळ्यांनी भरलेले व भुसभुशीत, आणि मधूनच लाल मातीचा एखादा पट्टा. धुळे-नंदुरबारकडे तर हे थर उभे चिरून वर आलेल्या, बहुधा पूर्व-पश्चिम धावणाऱ्या दगडी भिंती शेताशिवारांतून कोसच्या कोस गेलेल्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. चातुर्मासात या थरांच्या सांध्यांत पाणी मुरते, आणि पाऊस उघडला, आभाळ निवळले, मोटारीच्या काचा लखलखू लागल्या, तरी ते पाणी आतून पाझरतच असते. त्या ओलीवर शेवाळ धरते, खाचेत रुजलेल्या गवताच्या मुळ्या दगड ढिला करतात, आणि वरून धडधाकट दिसणारा धोंडा हाताला लागताच हातातच येतो. म्हणून आश्विनातला आपला कडा पाहण्यास कितीही सुंदर असला, तरी चढण्यास तो अपात्र समजावा. कार्तिक सरेपर्यंत त्याला वाळू द्यावे.

उन्हाळ्याविषयी जळगावकराला मी काय सांगावे? वैशाखात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे सरकतो, कातळ सूर्यास्तानंतरही प्रहरभर तापलेला राहतो आणि घामाने बोटे अशी निसटतात की चॉकची पूडही निरुपयोगी ठरते. त्या दिवसांत चढायचेच असेल, तर मोटारीचा हट्ट सोडून आगगाडीने उत्तरेस जावे आणि उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, जी 1965 साली स्थापन झाली, रीतसर प्रशिक्षण घ्यावे. ती सहल मात्र नव्हे. तेथे शिस्तीचा अंमल आहे, आणि तुला त्याची गरजही आहे.

तेव्हा उरतात ते मार्गशीर्ष ते फाल्गुन एवढे महिने. त्यांतही कड्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे, हे पाहण्याची सवय लाव. हेमंतात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो. म्हणून दक्षिणाभिमुख भिंत दिवसभर तापते आणि उत्तराभिमुख भिंत सकाळी इतकी गार असते की बोटांची संवेदनाच हरपते. थंडीच्या पहाटे पूर्वेची भिंत घ्यावी, दुपारी तिच्या पाठीमागे जावे. याच महिन्यांत आग्या मोहळेही कड्यांना लोंबत असतात. त्यांच्याखालून धूर, अत्तर आणि आरडाओरड वर्ज्य; मोहोळ कोणत्या कपारीत आहे, हे गावच्या गुराख्याला विचारल्यावाचून दोर सोडू नये. पुस्तकातली माहिती जुनी होते, गुराख्याची आज सकाळची असते.

आता ठिकाणे. पहिले मनमाड, आणि तेही मार्गशीर्षाच्या आरंभी, दोन-तीन दिवसांसाठी. रेल्वेच्या डब्यातून उभारलेल्या अंगठ्यासारखी दिसणारी हडबीची शेंडी तू पाहिलेली आहेस. मनमाडलगतचा नांदगावचा मुलूख 1869 साली नाशिक जिल्हा होईपर्यंत आपल्याच खानदेशाच्या जमाबंदीत होता. (कचेरीत हयात गेलेल्या माणसाला असल्या गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही, याबद्दल क्षमा असावी.) तेथे जाऊन लगेच शेंडीच्या माथ्यावर दृष्टी ठेवू नका. आपल्या बेसाल्टवर मेख कोठे धरते, कोठे पोकळ आवाज देते, हे जाणत्या आरोहकाच्या सोबतीने पायथ्याच्या कातळावर शिका. मुंबईच्या गिरिविहार किंवा पुण्याच्या गिरिप्रेमीसारख्या जुन्या संस्थांतील अनुभवी मंडळींशी आधी पत्रव्यवहार करा. चौघांपैकी कोण घाबरतो, कोण घाबरल्याचे लपवतो आणि कोणाच्या हाती दोर निर्धास्त सोपवता येतो, याची रुजवात घरापासून एका मजलीवर झालेली बरी.

त्यानंतर बदामी. हंपीची तुम्हा मुलांना जी ओढ आहे, ती ख्रिस शर्मा या अमेरिकन आरोहकाच्या चित्रपटामुळे आहे, हे मी ओळखून आहे. परंतु हंपीचे वैभव ग्रॅनाइटच्या सुट्या गोलाकार शिळांत आहे, तेथे दोराचे काम थोडे, खाली अंथरायच्या जाड गाद्यांचे अधिक, आणि तो खरखरीत दगड दोन दिवसांत बोटांची साल काढतो. तुमच्याजवळ दोर आहे आणि गाद्या नाहीत. मग हंपीचा अट्टाहास कशासाठी? बदामीचा तांबडा वालुकाश्म मात्र उभा, सलग आणि दोराच्या चढाईस अनुकूल आहे. तेथील 'गणेशा' हा मार्ग भारतातील अतिकठीण मार्गांत गणला जातो. तुम्ही तो खालून पाहावा आणि सोप्या मार्गांकडे वळावे. वालुकाश्माचा एक धर्म विसरू नका: भिजला की तो आतून दुबळा होतो, वरून वाळलेला दिसला तरी धारेचा तुकडा अवचित तुटतो. बागलकोट जिल्ह्यात भरीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरातच पडतो, त्यामुळे तुमची दिवाळी येथेही बाद ठरते. मार्गशीर्षाचा वद्य पक्ष सर्वांत उत्तम. पौष पौर्णिमेस जवळच्या बनशंकरीची मोठी जत्रा भरते आणि पुढे कित्येक दिवस गावात पाय ठेवण्यास जागा मिळत नाही. तेव्हा पंचांग पाहून त्याआधीच परता. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके 500 चा लेख आहे, तो जरूर पाहा. पण लेण्यांच्या आणि संरक्षित वास्तूंच्या कड्यांना हात लावू नका. पुरातत्त्व खात्याची मनाई तेथे आहे आणि ती रास्त आहे.

अबूचे नाव यंदा काढू नका. तेथील ग्रॅनाइट उत्कृष्ट, गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्थाही तेथेच. पण पौषात त्या उंचीवर रात्री गोठवणारी थंडी पडते. पुढल्या फाल्गुनात स्वतंत्रपणे जा.

रस्त्याची सोय दैवाने चांगली केली आहे. धुळ्यावरून जाणारा 52 क्रमांकाचा महामार्ग संभाजीनगर, बीड, सोलापूर करीत थेट विजापुरास नेतो, पुढे बदामीस वळावे. हीच वाट चाळीसगावपुढे कन्नडचा घाट चढते. तो घाट 2021 च्या ऑगस्टात दरडी कोसळून बंद पडला होता, म्हणून पावसाळ्यात या वाटेचा भरवसा धरता येत नाही, हेही दिवाळीनंतरच निघण्याच्या बाजूचे कारण समज. हिवाळ्यात धोका निराळा: धाराशिव-सोलापूरकडे गाळपाचा हंगाम चालू असतो, उसाने लादलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्यावाचून रात्री रस्त्याने चालतात. सूर्यास्तानंतर चाक फिरवू नये, हा माझा हुकूम समज. पहिला मुक्काम सोलापुरी करा. दोर मोटारीच्या बॅटरीजवळ ठेवू नका. आम्लाची वाफ नायलॉनला आतून खाते आणि वरून काही दिसत नाही.

ठिकाणे दोनच ठेवल्याने तुझे मित्र कुरकुरतील. त्यांना सांग, की एका कातळावर पाच दिवस राहणाऱ्याला पाचव्या दिवशी त्याचे पकडी-पायऱ्यांचे अक्षर लागू लागते. चार कातळांवर दोन-दोन दिवस घालवणाऱ्याच्या हाती छायाचित्रे तेवढी येतात.

सुटीचा अर्ज आजच दे, मार्गशीर्षात रजा मागणारे थोडे असतात. चौघांच्या घरची लेखी संमती, गाडीचे कागद आणि प्रत्येकाचा रक्तगट यांचा एक जुडगा करून त्याची नक्कल माझ्याकडे पाठव. आईस नमस्कार सांग. तिची काळजी पत्राच्या कडेला लिहिलेल्या दोन ओळींतून मला पोहोचली आहे, तिला स्वतंत्र पत्र लिहीत आहे.

तुझा
मामा