धूमकेतू परत येतो, हे कसे कळले?

आकाशात शेपटीचा तारा दिसला की काही अरिष्ट ओढवणार, ही समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. सूर्य, चंद्र व ग्रह यांच्या गती आपल्या ज्योतिर्विदांनी गणिताने बांधल्या होत्या. धूमकेतू तेवढा त्या गणितात सापडत नव्हता. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेतील केतुचाराच्या अध्यायात, केतूचा उदय वा अस्त गणिताने जाणता येत नाही, असे स्पष्टच लिहून ठेवले. ज्याच्या येण्याचा नेम नाही त्याचे भय वाटावे, हे स्वाभाविकच होय.

हे कोडे पुढे युरोपात उलगडले. १५३१, १६०७ व १६८२ या वर्षी दिसलेला धूमकेतू एकच असून तो १७५८ च्या सुमारास परतेल, असे हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाने गणिताने सांगितले आणि ते खरे ठरले. परंतु त्याच्या एका फेऱ्यास सुमारे शहात्तर वर्षे लागतात. एका जन्मात त्याचे दर्शन बहुधा एकदाच. भाकिताप्रमाणे परतलेल्या दुसऱ्या धूमकेतूची कथा याहूनही बोधप्रद आहे.

१७८६ च्या जानेवारीत पॅरिस येथे मेशँ यास एक अंधुक धूमकेतू दिसला. १७९५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये कॅरोलिन हर्शेल या विदुषीस एक दिसला. १८०५ मध्ये व पुन्हा १८१८ मध्ये मार्सेय येथील पाँस यास दिसला. हा पाँस १७८९ मध्ये तेथील वेधशाळेत द्वारपाल म्हणून चाकरीस लागला होता. तेथील अधिकाऱ्यांकडून तो आकाशनिरीक्षण शिकला आणि त्याने आयुष्यात सदतीस धूमकेतू शोधून काढले. तथापि आपण सर्वजण एकाच अतिथीस पाहत आहोत, हे या तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

ते ध्यानात आले जर्मनीतील एंके या गणितज्ञाच्या. पाँसच्या १८१८ मधील वेधांवरून त्याने कक्षा मांडली, तेव्हा प्रदक्षिणाकाल अवघा ३.३ वर्षांचा निघाला. वाचकांनी स्वतः पडताळून पाहावे : १७८६ ते १७९५ या काळात तीन फेरे, १७९५ ते १८०५ मध्ये आणखी तीन, आणि तेथून १८१८ च्या दर्शनापर्यंत चार. तो १८२२ मध्ये परतेल, असे एंकेने सांगितले. त्या वर्षी जूनच्या आरंभी ऑस्ट्रेलियात सिडनीजवळील पॅरामाटा वेधशाळेतून र्‍यूमकर यास तो अपेक्षित जागेच्या निकट दिसला. लोकांनी धूमकेतूस एंकेचे नाव दिले. एंके मात्र त्यास पाँसचा धूमकेतू असेच म्हणत राहिला. ज्याने पाहिले त्याचे श्रेय गणित करणाऱ्याने घेतले नाही, ही गोष्ट आपणही मनात ठेवण्याजोगी आहे.

पुढे असे आढळले की हा धूमकेतू प्रत्येक फेऱ्यास सुमारे अडीच तास लवकर येतो. अवकाशातील एखाद्या विरळ द्रव्याचा अडथळा होत असावा, असा एंकेचा तर्क होता. १९५० मध्ये अमेरिकेतील व्हिपल याने निराळे कारण दिले. धूमकेतूचा गाभा बर्फ व धूळ यांचा असतो. सूर्याच्या उष्णतेने त्यातून वाफेचे झोत निघतात व त्यांच्या रेट्याने त्याची गती किंचित पालटते. आज हेच मत ग्राह्य मानले जाते.

या धूमकेतूच्या प्रवाहातील मानले जाणारे धूलिकण दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उल्का होऊन पडताना दिसतात. त्यांची दिशा वृषभ राशीकडून असते. कार्तिकात काकड आरतीस निघताना, चांदणे नसेल तेव्हा, पश्चिमेस कृत्तिका व रोहिणी यांच्याकडे क्षणभर पाहावे. एखादी उल्का दिसल्यास मुलांना भय घालू नये. हा कोणाचा कोप नव्हे, नेमाने येणाऱ्या एका वाटसरूच्या पायांची ही धूळ आहे, एवढे सांगावे.

वराहमिहिराने आपल्या काळी जे अशक्य ते अशक्य म्हणून प्रांजळपणे नोंदले. पुढील पिढ्यांनी वेध जपले, गणित वाढविले आणि अशक्य ते शक्य केले. ज्ञानाची परंपरा चालते ती अशीच.