सूर्य चुकला की घड्याळ?



पुण्याजवळच्या एका शाळेत शिकत असताना आम्ही चौघांनी मिळून एक सूर्यघड्याळ केले होते. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा होता. शाळेच्या घड्याळात १२ वाजून ४९ मिनिटे झाली, तेव्हा आमच्या तबकडीवरची सावली कुठे १२ च्या रेषेवर आली! आपलेच काहीतरी चुकले असे समजून आम्ही तबकडी तारेभोवती थोडी फिरवली आणि दोन्ही वेळा जुळवून टाकल्या. प्रदर्शनात शाबासकीही मिळाली. पण दिवाळीच्या सुटीनंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तेच यंत्र पुन्हा उन्हात ठेवले तेव्हा ते चक्क अर्धा तास पुढे! मधल्या काळात त्याला कोणी हातही लावला नव्हता. मग चूक कोणाची?

याचे उत्तर मिळण्यासाठी तुम्ही स्वतःच एक सूर्यघड्याळ तयार करा.

साहित्य : जाड पुठ्ठा, सायकलच्या चाकाचा एक सरळ स्पोक, लाकडी फळी, कंपास, कोनमापक, गुण्या आणि थोडे मेण.

कृती : पुठ्ठ्याचा १२ सेंटिमीटर बाजूचा चौरस कापा. कर्ण काढून मध्यबिंदू मिळवा. मध्यबिंदूपासून खालच्या कडेवर लंब रेषा काढा. ही १२ ची रेषा. तिच्या दोन्ही बाजूंना दर १५ अंशांवर एकेक रेषा काढा. पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश. म्हणून दोन रेषांमधले अंतर एका तासाचे. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूवरही अशाच रेषा काढा.

आता आकडे घाला. जी बाजू उत्तरेकडे राहणार तिच्यावर, तिच्याकडे तोंड करून उभे राहिल्यास, सकाळचे ६ उजव्या हाताला, १२ खाली आणि संध्याकाळचे ६ डाव्या हाताला येतात. दक्षिणेकडच्या बाजूवर याच्या उलट, म्हणजे सकाळचे ६ डावीकडे येतात. असे का, हे सूर्य सकाळी कोणत्या दिशेला असतो ते आठवून ताडून पहा.

मध्यबिंदूला भोक पाडून स्पोक आरपार घाला. उत्तरेच्या बाजूला तो सुमारे ६ सेंटिमीटर बाहेर राहू द्या. दक्षिणेच्या बाजूला किती ठेवायचा, हे तुमच्या गावाच्या अक्षांशावर अवलंबून आहे. कोल्हापूरला २० सेंटिमीटर, पुण्याला १८, मुंबईला साडेसतरा आणि नागपूरला साडेपंधरा ठेवा. उत्तरेची बाजू फार लांब उरली तर स्पोक कापून टाका. स्पोक पुठ्ठ्याशी सर्व बाजूंनी काटकोनात आहे ना, हे गुण्याने पाहून मेणाने पक्का करा. आता पुठ्ठ्याची खालची कड आणि स्पोकचे दक्षिण टोक फळीवर टेकवले की स्पोक आपोआप तुमच्या गावाच्या अक्षांशाइतका तिरपा होतो. पुण्यात साडेअठरा अंश. त्याचे वरचे टोक ध्रुवताऱ्याकडे रोखलेले असते, म्हणजेच स्पोक पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो. या यंत्राचे सारे मर्म या तिरपेपणात आहे. जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र पाहा. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेल्या या यंत्राची सुमारे २७ मीटर उंचीची भिंत अशीच, जयपूरच्या अक्षांशाइतकी म्हणजे २७ अंश तिरपी आहे. तुमचा स्पोक म्हणजे त्या भिंतीचे धाकटे भावंडच!

उत्तर दिशा शोधणे : होकायंत्रावर विसंबू नका. आसपास लोखंड असले की त्याची सुई फसते. त्यापेक्षा सूर्यसिद्धान्तात सांगितलेली शंकूची जुनी रीत वापरा. सपाट जागी वीतभर उंचीची काठी अगदी उभी रोवा. सकाळी दहाच्या सुमारास तिच्या सावलीच्या टोकावर खूण करा आणि काठीचे बूड मध्य धरून त्या खुणेतून जाणारे वर्तुळ काढा. दुपारी सावली पुन्हा लांबत जाऊन तिचे टोक वर्तुळाला टेकेल, तेथे दुसरी खूण करा. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. दोन्ही जोडणाऱ्या रेषेवर काढलेला लंब म्हणजे दक्षिणोत्तर रेषा.

फळीवर गोटी ठेवून ती कोणत्याच बाजूला घरंगळत नाही ना, ते पहा. मग स्पोक बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर येईल असे यंत्र ठेवा. २१ मार्च ते २३ सप्टेंबरपर्यंत सावली उत्तरेच्या बाजूवर वाचा, उरलेले सहा महिने दक्षिणेच्या बाजूवर. या दोन तारखांच्या आसपास ऊन पुठ्ठ्याच्या कडेला घासून जाते, म्हणून सावली नीट दिसत नाही. पाचसात मिनिटांपर्यंत अचूक वेळ वाचता आली तर आपले काम उत्तम झाले असे समजा. वेळ सावलीवरून वाचायची आहे. सूर्याकडे थेट पाहू नका.

पहिला फरक, गावाचा : आता मनगटावरच्या घड्याळाशी ताडा. वेळ जुळणार नाही! कारण आपली घड्याळे भारतीय प्रमाणवेळ दाखवतात, आणि ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ आहे. सूर्य एक अंश रेखांश ओलांडायला ४ मिनिटे घेतो. पुणे या रेखांशाच्या सुमारे ८ अंश ३९ कला पश्चिमेला, म्हणून तेथे मध्यान्ह ३५ मिनिटे उशिरा होते. मुंबईला हा फरक ३९ मिनिटांचा, कोल्हापूरला ३३ आणि नागपूरला १४ मिनिटांचा आहे. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ पुढे कित्येक वर्षे पाळली जात होती. तुमचे सूर्यघड्याळही तसेच आपल्या गावाची वेळ पाळते.

दुसरा फरक, तारखेचा : सूर्य एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत नेमके २४ तास घेत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने जानेवारीत सूर्याजवळ असताना ती वेगाने धावते आणि जुलैत सावकाश. शिवाय तिचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे. या दोन कारणांनी दररोज काही सेकंदांचा फरक पडतो आणि तो साठत जातो. यालाच ‘कालसमीकरण’ म्हणतात. घड्याळाची वेळ काढताना ११ फेब्रुवारीच्या सुमारास १४ मिनिटे मिळवावी लागतात, १४ मेच्या सुमारास ४ मिनिटे वजा, २६ जुलैच्या सुमारास साडेसहा मिनिटे अधिक आणि ३ नोव्हेंबरच्या सुमारास १६ मिनिटे वजा करावी लागतात. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या सुमारास हा फरक शून्य असतो.

म्हणून सूत्र असे : घड्याळाची वेळ = सावलीची वेळ + गावाचा फरक + तारखेचा फरक.

आता आमच्या प्रदर्शनातील यंत्राकडे वळू. फेब्रुवारीत फरक होता ३५ अधिक १४, म्हणजे ४९ मिनिटांचा. तेवढी तबकडी आम्ही फिरवली. त्यातली ३५ मिनिटे कायमची होती, तेवढीच फिरवली असती तर चालले असते. पण १४ मिनिटे त्या दिवसांपुरती होती. नोव्हेंबरात खरा फरक होता ३५ वजा १६, म्हणजे अवघा १९ मिनिटांचा. म्हणूनच आमचे यंत्र ३० मिनिटे पुढे गेले. सूर्य चुकला नव्हता, शाळेचे घड्याळही नाही. उत्तर जुळत नाही हे दिसताच कारण न शोधता आम्ही ते जुळवून टाकले, ती चूक आमची. त्या ४९ मिनिटांतच तर पृथ्वीची कक्षा, तिचा कललेला अक्ष आणि आमच्या गावाचा रेखांश लपलेला होता!

करून पहा :

१. नागपूरला २६ जुलैला सूर्यघड्याळात १० वाजले, तर मनगटी घड्याळात किती वाजले असतील? (उत्तर : १० वाजून सुमारे २० मिनिटे)

२. पुण्यात मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तेव्हाही तुमच्या स्पोकची सावली पडते का, पहा. का पडते, याचा विचार करा.

३. दर रविवारी सावली १२ च्या रेषेवर येताच घड्याळातील वेळ वहीत टिपा. पावसाळ्यात काही रविवार चुकतील, ते मोकळे सोडा. अंदाजाने आकडे भरू नका. वर्षअखेर आलेख काढा. त्यात दोन उंचवटे आणि दोन खळगे दिसतील. पृथ्वीने वर्षभर केलेल्या प्रवासाची ती नोंद, तुमच्याच अंगणात आणि तुमच्याच हाताने घेतलेली!