आंबवड्याच्या पायवाटा

डोंगर म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? बर्फ, दोर, खिळ्यांचे बूट आणि एव्हरेस्टचे शिखर! पण सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल, असेही डोंगर असतात बरे का! त्यांच्या वाटा लहान असतात. त्या चालायला पैसा लागत नाही, फक्त थोडी अक्कल लागते. ती मला कशी आली, ते पुढे सांगणारच आहे.

पुण्याच्या दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर नीरा नदीच्या काठी भोर हे गाव आहे. पूर्वी येथे पंतसचिवांचे संस्थान होते. १९४८ साली ते विलीन झाले. भोरहून डोंगरांच्या दिशेने दहाएक किलोमीटर गेले की आंबवडे लागते. या नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत, म्हणून कोणाला विचारताना ‘भोरचे आंबवडे’ असेच म्हणावे.

आंबवड्याची पहिली वाट इतकी सोपी आहे की तुमची आजीसुद्धा ती चालेल. गावातून ओढ्याकडे जा. तेथे संस्थानाच्या काळातील एक झुलता पूल आहे. त्याला जिजीसाहेबांचे नाव दिलेले आहे. पलीकडे दाट झाडीत नागेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. बाहेर ऊन कितीही असो, झाडांखाली गारवा असतो. भोर संस्थानाचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिव १७०७ साली वारले. त्यांची समाधी याच गावात आहे. शिवाजी महाराजांचे विश्वासू साथीदार कान्होजी जेधे यांचीही समाधी येथे आहे. सगळे पाहून परत यायला तासभर पुरतो. मंदिर आणि समाधी ही लोकांच्या श्रद्धेची ठिकाणे आहेत. आपल्या मशिदीत किंवा दर्ग्यात पाहुण्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच येथे आपण वागावे.

पुलाविषयी मात्र एक ताकीद आहे. पूल जुना आहे. गावकऱ्यांना विचारल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नका, आणि टाकलेच तर घोळक्याने जाऊ नका. मुलांना झुलत्या पुलावर उड्या मारण्याची भारी हौस असते! २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गुजरातमधील मोरबी येथे गर्दीने भरलेला झुलता पूल तुटला आणि शंभराहून अधिक माणसे नदीत पडून मरण पावली. त्यांत मुलेही पुष्कळ होती.

आंबवड्याहून पुढे कारी, कोर्ले या गावांवरून रायरेश्वराला जाता येते. ते साडेचार हजार फूट उंचीचे लांबलचक पठार आहे. शेवटच्या चढाला लोखंडी शिडी आहे. वर मंदिर आहे, शेती आहे, आणि बाराही महिने राहणारी माणसे आहेत. वरच्या मातीत सात रंग दिसतात असे सांगतात. माझ्या मते रायरेश्वर पहिल्या सहलीसाठी नाही. आधी रोहिडा करावा.

रोहिडा किल्ला भोरच्या दक्षिणेला आहे. त्याला विचित्रगड असेही म्हणतात. पायथ्याला बाजारवाडी हे गाव आहे. तेथून वर जायला साधारण एक तास लागतो. हा किल्ला आदिलशाहीत होता, पुढे शिवाजी महाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत मिळाला. पण मुलांना तेथे नेण्याचे माझे कारण वेगळे होते. किल्ल्याला एकामागून एक तीन दरवाजे आहेत. तिसऱ्या दरवाजाच्या एका बाजूला मराठी शिलालेख आहे आणि दुसऱ्या बाजूला फारसी! तुम्ही उर्दू वाचता. तीच लिपी, तीच अक्षरे किल्ल्याच्या दगडात कोरलेली आहेत. हे वर्गात सांगितले तेव्हा सगळा वर्ग म्हणाला, “सर, आम्हांला दाखवाच!”

आता माझी चूक ऐका. पहिल्या खेपेला आम्ही सकाळी आंबवडे पाहिले. तेथे जेवण झाले, गप्पा झाल्या, आणि बाजारवाडीला पोहोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. दिवस डिसेंबरचे होते. किल्ला समोरच दिसत होता, म्हणून मी म्हणालो, “चला, आत्ता जाऊन येऊ.” मी सर्वांच्या पुढे झपाझप चालू लागलो. अर्ध्या तासाने वाट कारवीच्या दाट झुडपांत शिरली, तिला तीन फाटे फुटले आणि तिन्ही गवतात नाहीशी झाली. मागे पाहतो तर निम्मीच मुले! आठवीतला एक मुलगा खाली एका दगडावर बसून राहिला होता. त्याच्या टाचेला फोड आला होता, बाटली रिकामी झाली होती आणि दोन मित्र त्याच्याजवळ थांबले होते. पुढे गेलेल्यांना हे कळलेच नव्हते. मलाही नाही.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक आजी खाली येत होत्या. त्या म्हणाल्या, “गुरुजी, ही माणसांची वाट नव्हं, गुरांची हाय. पोरांना घिऊन खाली व्हा. दरवाजा कुठं पळून जात न्हाई.” मुले हिरमुसली. दोघीतिघी तर रडकुंडीला आल्या. मलाही वाईट वाटले. पण आजींचे म्हणणे खरे होते. आम्ही परत फिरलो. त्या शेवटपर्यंत पुढे चालत राहिल्या. गावात पोहोचलो तेव्हा घरांत दिवे लागले होते.

गुरांची वाट आणि माणसांची वाट यांतला फरक त्या दिवशी आजींनी मुलांना दाखवला. गुरे चारा शोधत उताराला आडवी चालतात, म्हणून त्यांची वाट फुटत फुटत गवतात संपते. माणसाला वर पोहोचायचे असते. त्याची वाट वळणे घेत चढत राहते, आणि वर्षानुवर्षे पाय पडून तिच्यावरचे दगड गुळगुळीत झालेले असतात. अमेरिकेत ॲपलाचियन नावाच्या डोंगररांगेत हजारो किलोमीटर लांबीची एक पायवाट आहे. तेथे झाडांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे रंगवलेले असतात. पट्टा दिसेनासा झाला की मागच्या पट्ट्यापर्यंत परत यायचे. आपल्याकडेही काही किल्ल्यांवर बाण रंगवलेले असतात. जेथे ते नसतील, तेथे शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत फिरावे. ‘येथूनच कोठेतरी वाट निघेल’ असे म्हणून पुढे घुसू नये.

दुसऱ्या खेपेला मी आधी हिशेब केला. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम सांगितला. आजच्या मापात तो असा : पाच किलोमीटर चालीला एक तास धरा, आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवा. समजा, वाट दोन किलोमीटरची आणि चढ तीनशे मीटरचा आहे. चालीची चोवीस मिनिटे आणि चढाची तीस, मिळून चोपन्न. मुले बरोबर असतील तर मी त्याची दीडपट करतो, म्हणजे एक्याऐंशी मिनिटे. शिवाय परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवायची. ती झाली की दरवाजा दहा पावलांवर असला तरी मागे वळायचे. हे बोलायला सोपे आहे, पाळायला फार कठीण!

या वेळी प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी होते. आणि अत्तर कोणीही लावले नव्हते! हसू नका. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तीव्र वासाने आणि धुराने त्या माश्या चवताळतात. टाचेला फोड आलेल्या त्या मुलाला मी सर्वांत पुढे ठेवले. त्याच्या पुढे कोणी जायचे नाही, मीसुद्धा नाही. सकाळी आठला निघालो. पहिला दरवाजा आला, मग पायऱ्या, मग दुसरा दरवाजा आणि तेथले पाण्याचे टाके. आणखी थोड्या पायऱ्या चढल्यावर तिसरा दरवाजा आला. दोन्ही बाजूंना दगडात हत्तींची मस्तके कोरलेली आहेत. लेख शके १५७८ चा, म्हणजे इ.स. १६५६ चा आहे. त्या वेळी विजापूरच्या तख्तावर मुहंमद आदिलशहा होता. लेखावरून त्याने किल्ल्याची दुरुस्ती केली असावी, असे जाणकार म्हणतात.

सगळ्यांत आधी तो मुलगाच दरवाजाशी पोहोचला. त्याने फारसी लेखाकडे बराच वेळ पाहिले. अक्षरे एकमेकांत गुंतलेली आणि झिजलेली होती. मग हवेत बोट फिरवत तो म्हणाला, “सर, हा मीम. आणि हा अलिफ.” एवढीच दोन अक्षरे त्याला लागली. मुली दुसऱ्या बाजूच्या मराठी लेखासमोर उभ्या होत्या. त्यांनाही तीनचारच अक्षरे लागली. मग दोन्ही गटांनी जागा बदलल्या.

वर शिरवले, पाटणे, दामगुडे, वाघजाई, फत्ते आणि सदर असे बुरूज आहेत. बुरूज, दरवाजा, फत्ते, सदर हे शब्द ऐकून एक मुलगी म्हणाली, “सर, अर्धे मराठी तर आम्हांला आधीच येते!” सगळे बुरूज पाहायचे होते, पण चार झाले आणि परत फिरण्याची वेळ झाली. वाघजाई आणि फत्ते राहिले. कोणी कुरकुर केली नाही. बाजारवाडीत उतरलो तेव्हा एसटीला वीस मिनिटे होती.

शब्दार्थ : पायवाट – पगडंडी. पठार – डोंगरावरची सपाट जागा. शिलालेख – कतबा. ताकीद – सक्त सूचना. हिरमुसणे – मायूस होणे. कारवी – डोंगरावर वाढणारे एक झुडूप. टाके – खडकात खोदलेला हौद.

स्वाध्याय : (१) गुरांची वाट कशी ओळखावी? (२) वाट तीन किलोमीटरची व चढ चारशे मीटरचा असेल तर नेस्मिथच्या नियमाने किती वेळ लागेल? (३) उर्दू आणि मराठीत सारखेच असलेले दहा शब्द लिहा.